‘न’च्या पुढचं पान

इतिश्रीचा प्रबंध मी पहिल्यांदा तपासायला घेतला तेव्हा माझ्या हातात लाल पेन्सिल होती, आणि एकशे बाराव्या पानावर तिचं टोक मोडलं.

तिथं लिहिलं होतं, ‘कुसुपूर गावच्या भागवत टुंगीत पूजेला असलेल्या ताडपत्राच्या पोथीतच स्त्रियांच्या स्पर्शाला मनाई केलेली आहे.’ खाली तळटीप होती. तळटीपेत कुणा प्राध्यापकांचा लेख. मी खडूस बाई, मी तो लेख काढून पाहिला. त्यात दुसऱ्या प्राध्यापकांचा हवाला. त्या दुसऱ्यांचंही पुस्तक काढलं, तर त्यांनी लिहिलेलं, ‘असे ग्रामस्थ सांगतात.’ संपलं! तीन विद्वान, आणि पोथीचं तोंड एकानंही पाहिलेलं नाही.

“तू पाहिलीस ही ओळ?” मी इतिश्रीला विचारलं.

“अपा, माझंच गाव आहे ते. माझे बापाच टुंगीत वाचायला बसतात. सगळ्या गावाला पाठ आहे ती ओळ.”

“पाठ आहे का, हे मी विचारलं नाही. पाहिलीस का?”

ती खाली बघायला लागली. “कशी पाहणार? हात कुठं लावू देतात?”

मी हेमांगिनी रथ. भुवनेश्वरच्या एका ग्रंथालयात तीस वर्षं ताडपत्रं वाचली, त्यातच डोळ्यांना जाड भिंगं लागली. निवृत्त झाल्यावर विद्यापीठातली पोरं जुनी लिपी शिकायला घरी येतात, मला अपा, म्हणजे ताई, म्हणतात. सगळ्यांना मी एकच सांगते, देवाधर्माबद्दल लिहायचं तर आधी मूळ कागद बघा, मूळ पान बघा, मग तोंड उघडा. पोरं मान हलवतात आणि घरी जाऊन तळटिपा उतरवतात. इतिश्री त्यातली नव्हती. जुनी अक्षरं ती माझ्यापेक्षा भरभर वाचायची. म्हणून तर मला जास्त राग आला.

मी अजून दोनचार शब्द सुनावले, तशी ती रडायलाच लागली. मला वाटलं, प्रबंधासाठी रडतेय. तसं नव्हतं.

तिचे वडील आर्तत्राण साहू चाळीस वर्षं रोज संध्याकाळी टुंगीत भागवत वाचत आले होते. टुंगी म्हणजे गावातली एवढीशी खोली. मूर्ती नाही, गादीवर पोथी, तीच देव. रोजचं वाचन छापील पुस्तकावरून. पोथी उघडायची फक्त भाद्रपदाच्या पुनवेला, आणि ती वाचकानंच. गेली दोन वर्षं आर्तत्राणबाबूंचे डोळे जात होते. डॉक्टर म्हणाले, मागचा पडदाच सुकलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अध्यायच्या अध्याय तोंडपाठ, त्यामुळे पुस्तक पुढ्यात धरून म्हणत राहिले. मग एक दिवस कुणाच्या तरी लक्षात आलं की पुस्तक उलटं धरलंय.

“गाव हसलं?” मी विचारलं.

“हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी काही बोललंच नाही.”

आता टुंगीच्या कमिटीचे अध्यक्ष लोकनाथ राउत यांनी पर्याय काढला होता. पेनड्राइव्ह. कटकच्या कुणा गोड गळ्याच्या गायकाचं अख्खं भागवत त्यात भरलेलं, आणि दोन भोंगे. पुनवेला आर्तत्राणबाबूंचा शाल देऊन सत्कार करायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून बटण दाबायचं. पुनव आठ दिवसांवर आली होती.

“आणि तुला तिथं वाचायला बसायचंय,” मी म्हटलं.

तिनं नाक पुसलं. “मी सात वर्षांची होते, अपा. नुकती अक्षरं यायला लागली होती. पुनवेला बापांनी शेवटचं पान उघडलं आणि मला माझं नाव दिसलं. ‘इति श्री’. मी ओरडले, बापा, पोथीत माझं नाव! आणि बोट ठेवलं. त्यांनी ‘हात काढ’ म्हणून असा फटका मारला हातावर, की आठ दिवस पेन्सिल धरता येईना. त्यांनी त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही.”

नावाची गोष्ट मला ठाऊक होती. दोन मुलींच्या पाठीवर ही तिसरी झाली, तेव्हा आता पुरे म्हणून घरच्यांनी इतिश्री ठेवलं. ती स्वतःच हसत सांगायची. त्या दिवशी हसली नाही.

“उद्याची पहिली बस किती वाजता?” मी विचारलं.

कुसुपूरला पोचलो तेव्हा टुंगीच्या पायरीवर एक म्हातारी शेण घेऊन सारवत होती. आर्तत्राणबाबूंची थोरली बहीण, सेबती. गाव तिला पिउसी, म्हणजे आत्याच, म्हणायचं. विधवा होऊन माहेरी आली त्याला पन्नास वर्षं झाली, आणि पन्नास वर्षं रोज ती टुंगी सारवत आलीय. तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“ही तुझी मास्तरीण? चष्मा बघ, बाटलीच्या बुडासारखा. हिला दिसतं का काही?”

“तुमच्या भावापेक्षा बरं दिसतं, पिउसी,” मी म्हटलं.

ती खदखदून हसली. आमचं तिथंच जमलं. दुपारी तिनं पखाळ, म्हणजे पाण्यात आंबवलेला भात, वाढला, सोबत कुस्करलेली बडी, म्हणजे डाळीचे सांडगे, आणि भाजलेलं वांगं, आणि मी दोनदा मागून घेतला.

पोथी पुनवेआधी उघडायला अध्यक्षांची परवानगी हवी होती. लोकनाथबाबूंचं खताचं दुकान. मनुष्य वाईट नव्हता. गावात वाचन बंद पडू नये ही त्याची तळमळ खरी होती. फक्त त्याला वाटे की तारा जोडल्या की सगळं जुळतं.

“फोटो काढणार ना? मग मलाही द्या, बॅनरवर छापू,” तो म्हणाला. “पण हात लावायचा नाही बरं का, मॅडम. तुम्ही कितीही शिकलेल्या असाल. पोथीतच लिहिलंय.”

“मग पानं कोण उलटणार?”

“आर्तत्राण भाई उलटतील. चाळीस वर्षांचा हात आहे.”

असा तो देखावा होता. दोन डोळस बायका हात मागं बांधून उभ्या, आणि ज्याला दिसत नाही तो पानं उलटतोय. आर्तत्राणबाबू अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बसले, लोकनाथबाबू राखणीला शेजारी. उंच, सडपातळ मनुष्य, आवाज मात्र विहिरीतून यावा तसा. त्यांनी फडकं सोडलं, लाकडी पाट्या बाजूला केल्या, दोरी सैल केली. मी टॉर्च धरून वाकले. सुंदर पोथी होती. अक्षर बारीक, गोल, एकसारखं. दोरीच्या भोकाभोवती गोल जागा सोडून ओळी वळवलेल्या. असं शांत अक्षर मी फार कमी पाहिलंय.

“शेवटचं पान,” मी म्हटलं.

त्यांनी ते काढलं आणि न बघताच, पुनवेला म्हणतात तसं सुरात म्हटलं, “इति श्री भागवत संपूर्ण. ए पोथी नारी हस्ते नऽऽ देब.”

ही पोथी नारीच्या हाती न द्यावी. पायरीवर बसलेल्या सेबती पिउसीनं सवयीनं जीभ हलवून हुळहुळी दिली, मंगलकार्यात बायका देतात तशी. दरवर्षी या ओळीला गावातल्या साऱ्या बाया हुळहुळी देतात. आपल्यालाच बंदी करणाऱ्या ओळीला! मला तेव्हा हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

मी पान पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“‘देब’ कुठं लिहिलंय?”

“काय?” आर्तत्राणबाबू म्हणाले.

“‘नारीहस्तेन’ इथं ओळ संपते, पानही संपतं. ‘देब’ नाही.”

“ते म्हणायचं असतं. माझे बापाही म्हणायचे.”

“म्हणायचं असतं, पण लिहिलेलं नाही. इतिश्री, बघ.”

ती वाकली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ताडपत्रावर शब्द सुटे नसतात, सगळी अक्षरं हातात हात धरून चाललेली असतात. कुठं तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. “नारीहस्तेन,” ती हळू म्हणाली. “अपा, हे ‘हस्ते न’ कशावरून? ‘हस्तेन’ असेल तर? हातानं. नारीच्या हातानं.”

“हातानं काय?”

“तेच तर नाही ना. वाक्यच अर्धं आहे. पुढचं पान?”

“पुढं कोरं पान आहे,” लोकनाथबाबू म्हणाले. “आम्हाला माहीत आहे की. राखणीचं पान.”

खरं सांगते, मीही तेच म्हणाले असते. पोथीच्या शेवटी एखादं कोरं पान ठेवायची रीतच आहे, आतल्या पानांना घासू नये म्हणून. आर्तत्राणबाबूंनी ते काढून धरलं. पिवळं, कोरं. मी टॉर्च फिरवला. माझ्या बाटलीच्या बुडांना काही दिसलं नाही.

पण ते पान त्यांच्या हातातच राहिलं. अंगठा एका जागी थांबला. मग सरकला. परत मागं आला.

“कोरं नाहीये,” ते म्हणाले.

“काय म्हणता?”

“चाळीस वर्षं नुसतं बघून बाजूला ठेवत आलो.” त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. “खरखरतंय. ओळीओळीनं खरखरतंय. अक्षरं आहेत याच्यावर.”

 ताडपत्रावर शाईनं लिहीत नाहीत. लोखंडी लेखणीनं कोरतात, आणि मग त्यावर काजळी चोळून पुसून घेतात, तेव्हा कुठं चऱ्यांत काळं भरून अक्षर दिसतं. काजळी चोळलीच नाही तर लिहिलेलं पानही कोरं दिसतं. तीस वर्षं मी हे पोरांना शिकवलं, आणि त्या पानाला मी कोरं म्हणणार होते!

“काजळी आणा,” मी म्हटलं. “आणि घेवड्याचा पाला.”

लोकनाथबाबू ताडकन उभे राहिले. “पोथीला काळं फासणार? पुनवेच्या तोंडावर? गावाला काय सांगू मी?”

“काळं फासल्याशिवाय अक्षर दिसत नाही, राउतबाबू. ही सगळी पानं अशीच काळी करून दिसायला लागलीयेत.”

“आणि बाईनं चोळायचं नाही.”

“मी चोळतो,” आर्तत्राणबाबू म्हणाले. “माझाच हात. झालं समाधान?”

सेबती पिउसीनं देवापुढच्या दिव्यावर करंडा धरला, काजळी झाली. मागच्या वेलाचा पाला चुरडून रस काढला. आर्तत्राणबाबूंनी बोटानं ते पानाला लावलं, धोतराच्या सोग्यानं हलकेच पुसलं. एखाद्या तान्ह्याचं तोंड पुसावं तसं. आणि त्या पिवळ्या पानावर एकेक अक्षर वर आलं. तेच बारीक, गोल, शांत अक्षर.

इतिश्रीनं पहिला शब्द वाचला. “लिखितं,” ती म्हणाली.

नारीहस्तेन लिखितं. ही पोथी बाईच्या हातानं लिहिली.

 इतिश्रीनं पुढं वाचलं. जिनं लिहिली तिचं नाव होतं, पण त्याचा सुरुवातीचा भाग किडीनं खाल्लेला; नुसतं ‘मणि’ उरलेलं. चंपामणि, हारामणि, काय ते देव जाणे. साल होतं, तेही अर्धं गेलेलं. आणि शेवटी लिहिणारे लिहितात तसं: चुकलं असेल तर दोष धरू नका.

“पण काजळी का नाही लावली तिनं?” लोकनाथबाबूंनी विचारलं. आता ते खाली बसले होते.

“पोथी ते सांगत नाही,” मी म्हटलं. “म्हणून मीही सांगणार नाही.”

“भ्याली असेल,” इतिश्री म्हणाली.

“भ्याली नसेल,” सेबती पिउसी पायरीवरून म्हणाली. “घरात शंभर कामं. भात उतू गेला असेल, उठली असेल. मग राहिलं ते राहिलं.”

मी माझ्या वहीत ते लिहून घेतलं. ‘सेबती साहू, वय अंदाजे पंचाहत्तर, म्हणतात’ असं वर घालून, तारखेसह. तीन विद्वानांच्या तळटिपांपेक्षा मला ते जास्त पटलं होतं, पण पटलं म्हणून पोथीच्या नावावर घालता येत नाही.

मग लोकनाथबाबूंनी विचारलं.

“बरं, लिहिली बाईनं. मान्य. पण बाईनं वाचावी असं कुठं लिहिलंय?”

इतिश्रीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेला काय हवं होतं ते मला कळत होतं. एक होकार. गाव मला मानत होतं, मी म्हटलं असतं की यात तसं लिहिलंय, तर कोण पडताळणार होतं? ती लिपी आता तिथं आम्हा दोघींनाच वाचता येत होती. पण मी तीस वर्षं जे करू नका म्हणून ओरडले, ते तिच्यासमोर कसं करू?

“कुठंच नाही,” मी म्हटलं. फार जड गेलं ते.

इतिश्रीनं मान खाली घातली. पण तिनंही मान हलवली. “नाहीये, काका,” ती म्हणाली. “लिहिलंय ते एवढंच.”

“मग ठरलं,” लोकनाथबाबू म्हणाले, पण त्यांनाही ते गोड वाटलं नसावं. “पुनवेला भाईंनी वाचावं, मग भोंगे.”

आर्तत्राणबाबू पोथी बांधत होते. त्यांनी दोरीची गाठ मारली. परतीच्या बसमध्ये इतिश्री सारा वेळ खिडकीबाहेर बघत होती. “एकशे बाराचं पान बदलते,” ती शेवटी म्हणाली, तेवढंच.

पुनवेला मी पुन्हा गेले. खरं तर मला बोलावलंच नव्हतं. ऊन उतरलं होतं, टुंगीपुढं पिउसीनं तांदळाच्या पिठाची झोटी, म्हणजे रांगोळी, काढली होती, आणि दोन नवे भोंगे झाडाला बांधून तयार होते. पुरुष आत, बाया पायऱ्यांवर आणि अंगणात, नेहमीसारख्या. इतिश्री माझ्या शेजारी.

आर्तत्राणबाबूंनी पहिलं पान म्हटलं. मग शेवटचं उघडलं.

“इति श्री भागवत संपूर्ण. ए पोथी नारीहस्तेन…”

बायांच्या जिभा सवयीनं सुटल्या. अंगण हुळहुळीनं भरलं. त्यांनी हात वर केला.

“थांबा,” ते म्हणाले. “वाक्य संपलेलं नाही.”

हुळहुळी मध्येच तुटली. एखादी म्हातारी मागून तेवढी चालूच राहिली, तिला कुणीतरी कोपर मारलं.

“चाळीस वर्षं मी इथं थांबत होतो. माझे बापा इथंच थांबायचे. आम्ही ज्याला ‘नको’ म्हणत होतो, ते ‘नको’ नव्हतं. ‘हातानं’ होतं ते. चूक माझी. पुढं एक पान आहे.” त्यांनी ते पान हातात घेतलं, आणि तसंच धरून बसले. “पण ते मला दिसत नाही. लोकनाथ, तू वाच.”

लोकनाथबाबू पुढं झाले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. जुनी वळणं, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली. सगळं गाव बघत होतं. त्यांनी भोंग्यांकडं एकवार पाहिलं. त्या पेनड्राइव्हमध्ये हे पान नव्हतं.

“मला येत नाही, भाई,” ते म्हणाले. प्रामाणिक मनुष्य.

“आणखी कुणाला येतं?”

आतले पुरुष एकमेकांकडं बघायला लागले.

“मग वाक्य अर्धंच ठेवायचं? पोथी पुरी न वाचता बांधायची?”

लोकनाथबाबू गादीपुढून बाजूला सरकले. मग अंगणाकडं बघत म्हणाले, “ये गं, इतिश्री. चपला काढून ये.”

ती गेली.  गादीपुढं बसली आणि हात मांडीत घट्ट दाबून, लांबूनच वाकली. आर्तत्राणबाबूंनी चाचपडत तिचा उजवा हात शोधला. तोच हात असणार. बोट धरलं, आणि उघड्या पानावरून सरकवत नेलं.

“आधी इथून,” ते म्हणाले. “तुझं नाव आहे तिथून.”

“इति श्री,” ती म्हणाली. माझा चष्मा धुकटला होता. मी तो काढून पदरानं पुसला आणि तसाच हातात ठेवला.

मग तिनं वाचलं. आवाज वडिलांचाच होता, फक्त विहीर थोडी उथळ. नारीहस्तेन लिखितं. नावापाशी आल्यावर ती थांबली. “पुढं नुसतं ‘मणि’ आहे,” तिनं गावाला सांगितलं. “आधीचं किडीनं खाल्लंय. ते मला माहीत नाही.”

 मग सेबती पिउसीनं हुळहुळी दिली, आणि तिच्यामागं सगळ्यांनी. खाल्लेल्या नावाची जागा तेवढ्यापुरती भरून गेली.

हुळहुळी थांबल्यावर इतिश्रीनं शेवटची ओळ वाचली. चुकलं असेल तर दोष धरू नका. वाचून झालं, तशी ती पानावरचा हात काढून घ्यायला लागली.

“राहू दे,” आर्तत्राणबाबू म्हणाले. “हात काढू नकोस.”